दोन पांढरे

गेल्या वर्षी १४ एप्रिलपूर्वी विश्रांतवाडीतील आमच्या घराला रंग द्यावयाचे ठरले. रंगाऱ्याने शेड कार्ड पुढे केले. दोन छटांवर आम्हां उभयतांचे अडले : एक हस्तिदंती, दुसरी किंचित निळसर. दोन्ही पांढऱ्याच! अखेर भिंतीवरच दोन-दोन फुटांचे पट्टे ओढून घेतले. उत्तरेच्या खोलीत दिवसा निळसर पट्टा करडा, थंड भासे. हस्तिदंती उबदार दिसे. रात्री पिवळ्या दिव्याखाली मात्र तोच जुनाट वाटे.

आईने निळसर पट्ट्यावर हात ठेवला. म्हणाली, "ह्यो आपल्या चुन्यावानी हाय."

आम्हांस आपले वसतिगृह आठवले. जयंतीपूर्वी चुना भिजवून, त्यात डिंक व नीळ घालून आम्ही मुलेच भिंती रंगवीत असू. नीळ चुन्याचा पिवळेपणा झाकते, हे तेथेच शिकलो.

इतिहास शिकवताना आम्ही सांगतो : 'काळी' म्हणजे शेतजमीन, 'पांढरी' म्हणजे गावठाण. त्या पांढरीत आपल्या आजोबांना घर नव्हते, वस्ती गावकुसाबाहेर. आज त्यांची नातवंडे कोणता पांढरा बरा, यावर दोन दिवस खल करतात. ही उसंत बाबासाहेबांच्या संघर्षाने आणि अशा वसतिगृहांनी दिली. तिची आठवण राहावी, एवढेच.

उत्तरेच्या खोलीला हस्तिदंती दिला. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असलेली भिंत निळसर केली. ती निवड आईची.