विकायचा नसलेला संग्रह

बेसबॉलपटूंचे जुने चित्रपत्ते जमवणाऱ्या अमेरिकन संग्राहकांच्या तोंडी एक सांकेतिक नाव नेहमी असते: टी-२०६. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत घातलेल्या पाचशेहून अधिक रंगीत पत्त्यांच्या मालिकेचे हे नाव. कंपनीने मात्र ते दिलेले नाही. कंपनीचा हिशेब साधा होता. पाकीट चुरगळू नये म्हणून आत जाड कागद हवाच होता. त्यावर लोकप्रिय खेळाडूचे चित्र छापले, तर गिऱ्हाईक पुढचे पाकीटही आपलेच घेईल. टी-२०६ हे नाव पुढे दिले ते जेफरसन बर्डिक नावाच्या एका कामगाराने. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरी, विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम ते करीत. टी म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखू, आणि २०६ हा बर्डिक यांच्या सूचीतील क्रमांक.

या मालिकेतील सर्वांत दुर्मीळ पत्त्यांपैकी एक होनस वॅग्नर यांचा. जर्मनीहून आलेल्या कुटुंबातील हा मुलगा बालपणी कोळशाच्या खाणीत राबला आणि पुढे पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा आधारस्तंभ झाला. फलंदाजीतील सरासरीचा मान त्यांनी नॅशनल लीगमध्ये आठ वेळा मिळवला. १९३६ साली बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी पहिल्यांदा निवड झाली, तेव्हा निवडलेल्या पाच खेळाडूंत ते होते. आपले चित्र सिगारेटच्या पाकिटात जाऊ देण्यास त्यांनी नकार दिला आणि छपाई अर्ध्यावर थांबली. वॅग्नर यांची संमती मिळवून देण्यासाठी कंपनीने पिट्सबर्गच्या एका पत्रकाराला दहा डॉलर देऊ केले होते. वॅग्नर यांनी नकार कळवला, आणि त्या पत्रकाराचे नुकसान नको म्हणून स्वतःच दहा डॉलरचा धनादेश पाठवला, असे वृत्त १९१२ साली छापून आले. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये ही त्यांची भावना होती, असे सांगितले जाते. ते स्वतः तंबाखू चघळत, म्हणून काही जण या कथेकडे संशयाने पाहतात आणि खरे कारण मोबदला असावे असे म्हणतात. परंतु स्वतःला जडलेले व्यसन दुसऱ्याच्या मुलाला जडू नये असे वाटणारा मनुष्य काही अपूर्व नव्हे. कारण कोणतेही असो, त्या नकारामुळे वॅग्नर यांचे जेमतेम पन्नास-साठ पत्ते आज ज्ञात आहेत.

दुर्मिळतेला भाव आला की कात्रीही मागोमाग येते. यांपैकी एक अतिशय स्वच्छ पत्ता १९९१ साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी एका भागीदारासह ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतला. २००७ साली तोच २८ लाख डॉलरला विकला गेला. त्याच्या कडा इतक्या सरळ कशा, ही कुजबुज जुनीच होती. अखेर ज्या व्यापाऱ्याच्या हातून तो बाजारात आला होता, त्याने २०१३ साली न्यायालयात कबूल केले की कडा आपणच कातरल्या होत्या. मापात पाप म्हणतात ते दर वेळी तराजूतच असते असे नाही.

उलट प्रकारही घडतो. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या मालिकेतील शेवटचा भाग खपला नाही. त्यात न्यूयॉर्क यांकीज संघाच्या तरुण मिकी मँटल यांचा पत्ता होता. पडून राहिलेल्या मालाने गोदाम अडले, तेव्हा कंपनीचे साय बर्गर यांनी १९६० च्या सुमारास ती खोकी कचऱ्याच्या तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात सोडली. ही हकिकत त्यांनीच पुढे सांगितली. २०२२ साली मँटल यांच्या त्याच पत्त्याची एक उत्तम प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. शिल्लक माल निकालात काढणाऱ्या बर्गर यांना कोणताही व्यापारी दोष देणार नाही.

बर्डिक यांचा व्यवहार मात्र या दोन्हींहून निराळा होता. त्यांना बेसबॉलची विशेष गोडी नव्हती. त्यांना गोडी होती ती छापील कागदाची: व्यापाऱ्यांनी मालासोबत फुकट वाटलेली चित्रे, जाहिरातींची कार्डे, शुभेच्छापत्रे, पोस्टकार्डे, विड्यांवरच्या कागदी पट्ट्या. लोक हे सारे केरात टाकत. बर्डिक ते जपत, त्याची वर्गवारी करीत, त्याबद्दल एक लहान पत्रिका चालवीत. अमेरिकेतील अशा कागदांची सर्वसमावेशक सूची त्यांनी सिद्ध केली आणि प्रत्येकासमोर किंमतही घातली. बहुतेक किमती काही सेंटांच्या. वॅग्नर यांच्यासमोर त्यांनी लिहिले पन्नास डॉलर, आणि त्या काळी तोही आकडा डोळे विस्फारणारा होता.

तिशीतच त्यांना संधिवाताने गाठले होते. सांधे वर्षागणिक आखडत गेले. लग्न केले नव्हते. मागे वारस नव्हता. १९४७ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला आपला संग्रह देऊ केला. मुद्राचित्र विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी तो स्वीकारला, पण त्याची मांडणी बर्डिक यांनीच करावी, अशी अट घातली. संग्रह थोडाथोडका नव्हता: तीन लाखांहून अधिक कागद, त्यांत बेसबॉलचे पत्ते तीस हजारांहून अधिक. पुढे त्यांनी आपले बिऱ्हाडही न्यूयॉर्कला हलवले. विभागातील एका लहानशा मेजाशी बसून, वाकडी झालेली बोटे कशीबशी वळवीत, ते एकेक कागद वहीत चिकटवीत राहिले. काम आधी संपेल की हात, याचा अंदाज त्यांना स्वतःलाही नव्हता.

चिकटवीत, म्हणजे गोंदाने. आजचा संग्राहक हे वाचून कळवळेल, कारण आता पत्ता प्लास्टिकच्या कवचात बंद होतो, बाहेरच्या संस्थेकडून त्याला एक ते दहा गुण मिळतात आणि एका गुणाच्या फरकाने लाखो डॉलर वरखाली होतात. पाठीला गोंद लागलेल्या पत्त्याला बाजारात मोठी घट सोसावी लागते. बर्डिक यांना बाजारात जायचेच नव्हते. वही उघडणाऱ्याला शेजारी शेजारी सर्व पत्ते क्रमाने दिसावेत, एकही निसटू नये, एवढेच त्यांना हवे होते. वॅग्नर यांचा पत्ताही त्यांनी असाच टी-२०६ च्या इतर खेळाडूंबरोबर ठेवला. पन्नास डॉलर ही किंमत सूचीत लिहिणारा हात तोच होता.

१० जानेवारी १९६३ रोजी शेवटचा कागद वहीत बसला. बर्डिक यांनी मेज आवरले, मोठ्या कष्टाने कोट अंगावर चढवला आणि आता आपण पुन्हा येणार नाही, असे विभागातल्या मंडळींना सांगितले. दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, त्यांचे निधन झाले. संग्रह आजही त्याच संग्रहालयात आहे; त्यातले काही पत्ते आळीपाळीने दालनात मांडले जातात, मंद प्रकाशात, म्हणजे रंग उडू नयेत.