होगि बन्नि

परमुलखात बदलीवर गेलेला मराठी माणूस तेथील भाषा दोन वाटांनी शिकतो. पहिली वाट पुस्तकाची. तीत क्रियापदे चालवावी लागतात आणि 'हे माझे घर आहे' यांसारखी, जन्मात कोणाला सांगावी न लागणारी वाक्ये पाठ करावी लागतात. दुसरी वाट कुंपणावरून येते. आम्ही बेंगळुरूस आलो ते अर्थातच पहिल्या वाटेने. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर 'नमस्कार' होता, आणि तो शिकण्याचे आम्हांस कारण नव्हते.

पण मल्लेश्वरमच्या आमच्या आळीत नमस्काराने बोलणे सुरू करण्याची रीत नाही. सकाळी नवाच्या सुमारास 'तिंडि आयिता?', अकराला 'काफी आयिता?' आणि दुपार कलू लागली की 'ऊट आयिता?' न्याहारी झाली का, कॉफी झाली का, जेवण झाले का! घरात घड्याळ नसले तरी शेजाऱ्यांच्या प्रश्नांवरून वेळ कळावी. उत्तर एका शब्दाचे, 'आयितु', त्याला 'निम्दु?', म्हणजे 'तुमचे?', एवढी पुस्ती जोडली की व्यवहार पुरा झाला. काय जेवलात हे सांगावयाचे नसते. 'अजून नाही' हे उत्तर मात्र जपून द्यावे. आम्ही ते दिले आहे आणि पाचव्या मिनिटाला वाटीभर बिसिबेळेभात दारात आलेला पाहिला आहे.

चिनी माणसेही भेटल्यावर जेवण झाले का असेच विचारतात. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात, ज्याचे नाव १९७५ पर्यंत दाहोमे होते, फोन भाषा बोलणारे लोक सकाळी एकमेकांस 'नीट उठलात ना?' असे विचारतात. इंग्रजाने आपल्या प्रभातीला शुभ म्हणून मोकळे व्हावे, आणि या मंडळींनी मात्र थेट पोटाची व झोपेची चौकशी करावी! आम्हांस दुसरी तऱ्हा अधिक सुसंस्कृत वाटते. आपल्या कोल्हापुराकडे 'जेवलासा काय?' हा प्रश्न आजही ऐकू येतो. शहरात आल्यावर आपणच तो गावंढळ ठरवून टाकून दिला.

कन्नड बोलणे कानांवरून जाऊ लागले की ओळखीच्या खुणा जागोजागी भेटतात. येथे फार आदराने बोलावयाचे झाल्यास 'नीवु' सोडून 'तावु' म्हणतात. हा 'तावु' म्हणजे मुळात 'स्वतः' या अर्थाचे सर्वनाम. आपला 'आपण' तोच उद्योग करतो. समोरच्या माणसास 'तुम्ही' म्हणण्याचाही संकोच वाटावा आणि त्यास त्याच्याच स्वत्वाच्या आड उभे करून बोलावे, ही युक्ती दोन निराळ्या कुळांतील भाषांना सुचली. नवऱ्याला हाक मारताना कन्नड गृहिणी 'री' म्हणते, त्यात आपल्या 'अहो'चा सगळा संसार आहे. अण्णा आणि अक्का ही नाती तर आपण कन्नडाकडूनच उचलली आणि इतकी घरची केली की त्यांचे माहेर विसरलो. संक्रांतीस तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबरे आणि डाळे यांची पुडी हातावर ठेवून येथील मुली 'तीळगूळ खाऊन चांगले बोला' अशा अर्थाचे वाक्य म्हणतात, तेव्हा आपण सदाशिव पेठेत नाही हे ध्यानात आणून घ्यावे लागते. आपल्या लोकांचा या गावाशी संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा, म्हणजे सतराव्या शतकातला. सीमेवरून दोन्हीकडची माणसे जेव्हा हातघाईवर येतात तेव्हा ही पुडी आठवते, आणि ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही हेही दिसते.

आमच्या कुंपणापलीकडे एक अज्जी राहात. वय ऐंशीच्या पलीकडचे, मुलगे परदेशी. दुपारी दोनच्या ठोक्याला त्यांचा 'ऊट आयिता?' यावयाचा. पहिल्या वर्षी त्याचा आम्हांस थोडा जाचच वाटे. माणसाने जेवावे की हजेरी द्यावी! एका दुपारी दोन वाजून गेले, सव्वादोन झाले, प्रश्न आला नाही. घरच्या मंडळींनीच मग इकडून हाक घातली, 'अज्जी, ऊट आयिता?' उत्तर नाही. न्हाणीघरात पाय घसरून त्या सकाळपासून पडून होत्या. मांडीचे हाड मोडले होते. दार फोडून आत गेलो. इस्पितळात, भुलीतून जाग्या झाल्यावर, उशाशी बसलेल्या आमच्या पत्नीस त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती तीच. पत्नी सकाळपासून उपाशी होती. ती 'आयितु' म्हणाली.

गेल्या वैशाखात बदलीचा हुकूम आला. गुवाहाटी. मराठीत निघताना 'जातो' म्हणत नाहीत, कन्नडातही नाही. 'होगि बर्तीवि', जाऊन येतो, असेच म्हणावयाचे, आणि यजमानाने 'होगि बन्नि', जाऊन या, म्हणावयाचे. बाजारास निघालेल्या माणसाला हे शब्द शोभतात. सामान मालमोटारीत चढलेले, घर रिकामे, पुन्हा येण्याचे कसलेही लक्षण नाही, अशा वेळी ते उच्चारणे जड जाते. तरीही आम्ही उच्चारले. दुसरे काही म्हणण्याची सोय दोन्ही भाषांनी ठेवलेली नाही.

अज्जींनी काठी टेकीत आत जाऊन अरिशिण-कुंकवाची तबकडी आणली, पत्नीच्या ओटीत नारळ घातला, आणि नेहमीच्या स्वरात 'होगि बन्नि' म्हटले. त्यांचे डोळे कोरडे होते. आमच्या जागी येणाऱ्या बिऱ्हाडाला कन्नड येते का, एवढे मात्र त्यांनी दोनदा विचारले.