मनीचा डबा

पेढी बंद करून परतलेल्या आजोबांना मनी लंगडताना दिसली. पत्र्याच्या धारेने तिचा पंजा कापला होता. त्यांचा जीव कळवळला. पॅरासिटामॉलची चतकोर गोळी त्यांनी दुधात कालवली. वाटी खाली ठेवणार तोच सून म्हणाली, “बाबा, थांबा! पशुवैद्यांना विचारू.”

पलीकडून उत्तर आले, तेव्हा आजोबा मटकन खाली बसले. माणसाला उतार देणारी ही गोळी मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. अल्प मात्राही प्राण घेऊ शकते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुनेने जखमेवर स्वच्छ कापड काही मिनिटे दाबून धरले, रक्त थांबले आणि मनीला दवाखान्यात नेले.

दुसऱ्याच दिवशी आजोबांनी मिठाईचा रिकामा डबा स्वच्छ केला. त्यात निर्जंतुक गॉज, पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, चिमटा, जखम धुण्यासाठी सलाइन आणि डिजिटल तापमापक ठेवला. मांजराचे तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाचा ताप तो तिचा ताप नव्हे. वेदनेने व्याकूळ मांजर आपल्या माणसालाही ओरबाडते, म्हणून तिला गुंडाळण्यासाठी जाड टॉवेल आला. झाकणावर डॉक्टरांचा क्रमांक आणि मनीचे वजन लिहिले. गोळी मात्र एकही ठेवली नाही.

दया होतीच, त्या रात्री उणीव होती ती माहितीची. आता दिवाळीला नव्या वह्या आल्या, की आजोबा हा डबाही उघडतात आणि सलाइनची मुदत तपासतात.