मोहोर पाहायला चला, पण बाळाला जपून

पौष-माघात सवड काढून एकदा रत्नागिरी-देवगडकडच्या हापूसच्या बागा पाहून या. लेकीसुनांना, तान्ह्या बाळालाही संगे न्या. गेल्या माघात आम्ही सात महिन्यांची नात घेऊन गेलो होतो. मोहोराच्या घमघमाटात पोर टक लावून वर पाहत राहिली.

मोहोराच्या एकेका तुऱ्यात शेकड्यांनी फुले असतात. त्यांतली बरीचशी नुसती नर. फळ धरते ते संयुक्त फुलांना, तेही थोड्यांनाच. परागीकरण करतात माश्या नि मधमाश्या. म्हणून फुले उमललेली असताना कीटकनाशक टाळावे.

तरी तुडतुडे व भुरीसाठी या हंगामात फवारण्या होतातच. तेव्हा बागेत शिरण्याआधी बागवाल्याला विचारा, "फवारणी कधी झाली?" ताज्या फवारणीच्या बागेत बाळाला मुळीच नेऊ नका. त्याचे हात सारखे तोंडात जातात. खाली पडलेला मोहोरही त्याच्या हाती देऊ नका. सतरंजी बागेबाहेर, औषधाच्या रिकाम्या डब्यांपासून दूर अंथरा.

ऊन चढण्यापूर्वीच फिरून घ्या, बाळाला टोपडे घाला. मोहोराचा सोहळा चार दिवसांचा, बाळाची प्रकृती जन्माची.