सातबाऱ्यातल्या लिंका

दिवाळीच्या आधी बाबांचा फोन आला. "बँकेत सातबारा मागतायत, काढून दे." आमचं रान कळंब तालुक्यात, जिल्हा धाराशिव (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद). मी पुण्यात सोफ्यावर बसल्या बसल्या १५ रुपये भरले आणि डिजिटल सहीचा उतारा हजर! काम झालं. पण त्यावर 'जुने फेरफार क्र.' म्हणून आकड्यांची एक रांग दिसली आणि माझ्यातला प्रोग्रॅमर जागा झाला.

अहो, या तर लिंका!

बघा ना. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती त्याच्या नावावर कशी आली ते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत. आकडा धरून तिथं जायचं. तिथं गट नंबर असतो, तो धरून परत यायचं. एकाच खातेदाराची गावातली सगळी जमीन बघायची तर ८-अ. कुठून कुठं वळायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. टेड नेल्सनने १९६५ साली अशा मजकुराला 'हायपरटेक्स्ट' म्हटलं. तलाठ्याच्या दप्तरातही वस्तू तीच. फक्त क्लिकऐवजी हेलपाटे.

नेल्सनला लिंक दोन्ही बाजूंनी हवी होती. टिम बर्नर्स-लीने १९८९ मध्ये ज्याचा प्रस्ताव मांडला त्या वेबची लिंक मात्र एकतर्फी. जिची लिंक दिली त्या पानाला पत्ताच नसतो. म्हणूनच कुणालाही न विचारता लिंक देता आली आणि वेब भराभर वाढलं. पण समोरचं पान हललं की हाती ४०४. वहीतली लिंक दुतर्फी, त्यामुळे मागं मागं जाता येतं.

तर मी गेलो. दिवाळीला गावी होतो तेव्हा तहसीलमधून दोन जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. पहिल्यात आजोबा वारलेले. वारस बाबा, काका आणि आत्या. दुसऱ्यात, जेमतेम वर्षभरानं, आत्याचं नाव कमी. कारण: हक्कसोड.

भाऊबीजेला आत्या आली तेव्हा विचारलंच.

"सही केली की रं बाळा. माहेर तुटू नये म्हणून," असं म्हणून तिनं लाडवाचं ताट माझ्याकडं सरकवलं.

हे लिहायला फेरफारात रकाना नाही. लिंक जागेवर नेऊन सोडते, पुढचं माणसालाच विचारावं लागतं.

बाबा तिथंच बसले होते. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. पण त्या रात्री आत्याचं नाव पुन्हा लावायला काय कागद लागतील, ते मी मोबाइलवर शोधत बसलो होतो.