चारशे ग्रॅमचा पेशंट

लंडनला उंदीर पाळायला शिकवलं ते उंदीर मारणाऱ्याने. जॅक ब्लॅक हा व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमाऱ्या. चामडी पट्ट्यावर ओतीव लोखंडाचे उंदीर मिरवत तो शहरभर फिरे. जाळ्यात वेगळ्या रंगाचा एखादा सापडला, की मात्र तो त्याला मारत नसे. असे उंदीर तो वाढवी आणि हौशी तरुणींना विके. पत्रकार हेन्री मेह्यूने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. पुढे १९०१ मध्ये मेरी डग्लस नावाच्या बाईंच्या खटपटीने उंदीर एल्सबरीच्या प्रदर्शनात उतरले आणि १९७६ मध्ये नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी उभी राहिली.

१८९६ चा प्लेग सोसलेल्या आणि आजही रात्री उंदीर मारायला पालिकेने माणसं ठेवलेल्या मुंबईतून इंग्लंडमध्ये आलेल्या घरात लेकीने ‘मला दोन उंदीर हवेत’ म्हटलं, की आईचा चेहरा बघण्यासारखा होतो. दोनच का? एकटा उंदीर झुरतो म्हणून. हळूहळू आईच त्यांना मटार सोलून घालू लागते. खरी परीक्षा सुरू होते ती त्यातला एक आजारी पडल्यावर.

कारण उंदीर दुखणं दाखवत नाही. मांजर, घुबड, कोल्हा अशा सगळ्यांचं भक्ष्य असलेल्या जनावराला अशक्त दिसणं परवडत नाही. तरी चेहरा थोडं सांगून जातो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदराच्या वेदनेची मोजपट्टीच तयार केली: डोळे बारीक होणं, नाक-गाल सपाट होणं, कानांची आणि मिशांची ठेवण बदलणं. घरच्या माणसाला यात पाठीला आलेलं पोक, पिंजारलेली लव आणि आवडत्या खाऊकडे फिरवलेली पाठ यांची भर घालता येते.

सगळ्यात भरवशाचं यंत्र मात्र स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्रौढ नर साधारण ४५० ते ६५० ग्रॅमचा, मादी त्याहून हलकी. त्यातून चाळीस-पन्नास ग्रॅम उतरले, तर माणसाचं पाच-सहा किलो वजन अचानक घटल्यासारखं आहे. म्हणून जाणते लोक दर आठवड्याला वजन करून वहीत मांडतात.

नाकाशी, डोळ्यांच्या कडेला लाल ओघळ दिसला, की नवख्या घरात ‘रक्त, रक्त’ असा आरडाओरडा होतो. ते बहुधा रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पाझरणारं ते पॉर्फिरिन असतं. झोपेतून उठल्यावर थोडंसं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. वरचेवर दिसू लागलं, सोबत शिंका आणि घरघर असली, तर व्हेटकडे जायला हवं. बहुतेक वेळा त्यामागे मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू असतो. पाळीव उंदरांत तो सर्रास आढळतो आणि शरीरातून पुरता हटत नाही. डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन अशा अँटिबायोटिक्सनी त्याला आवरता येतं, काहींना नेब्युलायझरचा फायदा होतो. लघवीच्या अमोनियाने हा आजार चिघळतो, त्यामुळे पिंजऱ्याची सफाई हासुद्धा उपचारच. आणि उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी. तो तोंड उघडून धापा टाकू लागला, दर श्वासाला कुशी आत ओढल्या जाऊ लागल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन मिळेल तिथे त्याच रात्री न्यायचं.

मादीला गाठी होतात. तिच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असल्याने गाठ काखेत, अगदी खांद्याजवळही येऊ शकते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण झपाट्याने वाढतात, म्हणून लहान असतानाच काढलेल्या बऱ्या. ऑपरेशनआधी उपाशी ठेवावं लागत नाही, कारण उंदराला उलटी होतच नाही. म्हाताऱ्या उंदराला पुढच्या पंजांत खाऊ धरता येईनासा झाला, तर शंका मेंदूखालच्या पिट्युइटरी ग्रंथीतल्या गाठीची. तिच्यावर कॅबरगोलिन हे माणसांचं औषध काहींना काही काळ उतार देतं.

हा खर्च एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, उचलत नाही. जनावरांचं बिल ज्याचं त्याने भरायचं. ऑपरेशनचा आकडा उंदराच्या किमतीच्या कित्येक पट असतो, हे ऐकून मुंबईहून आलेले आजोबा आधी हसतात, मग गप्प होतात. इथल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात मात्र किमतीला जागा नाही. पाळलेल्या जनावराला वेदनेपासून वाचवणं मालकाचं कर्तव्य, मग ते घोडा असो वा उंदीर. ज्यांना बिल झेपत नाही, त्यांच्यासाठी पीडीएसएसारख्या संस्था आहेत. पीडीएसएचा पहिला दवाखाना मारिया डिकिन यांनी १९१७ मध्ये व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत उघडला होता.

तरी हिशेब सोपा नाही. उंदराचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. अडीच वर्षांच्या उंदराला भूल द्यावी का, की शेवटची इंजेक्शनं देऊन सोडवावं, हे व्हेट घरच्यांनाच विचारतो. तो खातोय का, अंग साफ करतोय का, सोबत्याच्या कुशीत झोपतोय का, यावरून उत्तर काढायचं.

त्यानंतर उरतो तो सोबती. तो एकटा पडू नये म्हणून नवा उंदीर आणायचा, दोघांची सावकाश ओळख करून द्यायची. वर्षाभरात जुना जातो आणि आता नवा एकटा पडतो. ‘दोनच’ म्हणून सुरू झालेल्या घरांतला पिंजरा असा वर्षानुवर्षं रिकामा होत नाही. कॉलेजसाठी लेक मँचेस्टरला गेली, तरी दर आठवड्याचं वजन वहीत मांडायला आई असतेच.