चिबड रान आणि वेरिबीची तळी

वेरिबी, मेलबर्न
७ ऑक्टोबर

चि. अण्णा यास अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे कागदावर. पोहोचेल तेव्हा पोहोचेल. लेक बरी आहे, नववा लागलाय. विमानतळावर डिंकाचे लाडू उघडून बघितले, पण जाऊ दिले. अळिवाची पुडी मी आधीच घरी काढून ठेवली होती, इथं बी-बियाण्याची फार चौकशी असते.

आता हसू नकोस. एवढे समुद्र ओलांडून तुझी अक्का दर शनिवार-रविवार मैलापाण्याच्या तळ्यांवर जाते! जावईबापूच नेतात. मेलबर्न शहराचं जवळजवळ निम्मं सांडपाणी इथं येतं, एकातून दुसऱ्या तळ्यात निवळत जातं आणि शेवटी समुद्राला मिळतं. १८९०च्या दशकात हे सुरू झालं. त्याआधी शहराला इतकी दुर्गंधी होती, की लोक त्याला ‘स्मेलबर्न’ म्हणत. सगळा पसारा साडेदहा हजार हेक्टरांचा, म्हणजे आपल्या भाषेत सव्वीस हजार एकर. मैला आला तसे किडे आले, किडे आले तसे पक्षी आले. आजवर तीनशेच्या आसपास जातींची इथं नोंद झालीय. १९८२ पासून हा भाग पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. आपल्या नांदूर मधमेश्वरला, महाराष्ट्रातल्या पहिल्या जागेला, तो मान मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. तेही माणसानं बांधलेल्या बंधाऱ्याचंच पाणी.

आत जायला परवाना लागतो, फाटकांना कुलपं असतात. गाडीतून उतरायचं नाही, हा जावईबापूंचा नियम. पक्षी गाडीला भीत नाहीत, माणसाला भितात. नांगरामागं बगळे कसे बिनधास्त चालतात आणि आपण एकटे बांधावर गेलो की उडतात, तसंच. खिडकीच्या काचेवर दोन किलो तूरडाळीची पिशवी आडवी टाकायची, तिच्यावर लेन्स ठेवायची. हात हलत नाही, आणि संध्याकाळी त्याच डाळीची आमटी.

पहिल्याच दिवशी कोण भेटलं असेल? वारकरी! तोच तो, काळा अंगरखा आणि कपाळावर पांढरा टिळा. पंढरीच्या वाटेवर असल्यासारखा मान हलवत पोहणारा. नुसता त्याच्यासारखा नव्हे, अगदी तीच जात. आपल्याकडे मात्र मी याची पिलं कधी जवळून बघितली नव्हती. आईबाप काळे कुळकुळीत आणि पिलाचं डोकं शेंदरासारखं लाल, जणू कुणी शेजाऱ्याचं पोर उचलून आणलंय. फोटोला हा पक्षी कठीण. कॅमेरा काळ्या अंगाकडं बघून उजेड वाढवतो आणि टिळा जळून जातो. म्हणून उजेड मुद्दाम कमी करायचा, टिळ्याला सांभाळायचं. काळं अंग नंतर उजळता येतं.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. पाच पिलं होती. चार आईच्या मागं नीट पोहत होती, पाचवं सारखं चोच वासून तिच्या अंगावर जायचं. तिनं त्याच्या डोक्याला चोचीनं धरलं आणि गदागदा हलवलं. एकदा नाही, चार वेळा. जावईबापू म्हणाले, या जातीत हे चालतंच. अन्न कमी पडलं की जास्त मागणाऱ्याला मारतात, काही पिलं मरतात. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, हात उगारणाऱ्या आयाही पाहिल्या. तरी त्या दिवशी बटण दाबायचं राहून गेलं.

तुझी अक्का

वेरिबी
२१ ऑक्टोबर

चि. अण्णा,

अजून बातमी नाही. वाट बघतोय.

काल काळे हंस मिळाले. सरस्वतीजवळचा पांढरा हंस बघत वाढलेली आपण माणसं, त्यामुळं काळा हंस म्हणजे आधी चेष्टाच वाटते. चोच लालभडक, उडाला की पंखांची टोकं पांढरी. पिलं मात्र राखाडी, चुलीतल्या थंड राखेच्या रंगाची. अंडी नर आणि मादी पाळीपाळीनं उबवतात, चाळीस-एक दिवस. पिलू दमलं की आईच्या पाठीवर चढतं. आपली टिबुकलीही पिलांना अशीच पाठीवर घेते, पण टिबुकली मुठीएवढी, हे गलबतच!

नर आमच्या गाडीकडं मान लांब करून आला. जावईबापूंनी लगेच गाडी मागं घेतली. मी म्हटलं, अहो, आत्ता तर चांगला फोटो येत होता. ते म्हणाले, “तो आपल्याला घालवायला आला, म्हणजे आपण जवळ गेलो. पिलांचं खाणं थांबलंय बघा.” बघितलं तर खरंच, चारही पिलं पाणवनस्पती तोडायची थांबून आईला चिकटली होती.

मग रात्री झोप आली नाही. तुला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तुझ्या खालच्या रानात, जिथं मीठ फुटून पांढरंफटक झालंय तिथं, शेकाट्यांनी घरटं केलं होतं. तासभर मी त्याच्यापासून दहा पावलांवर बसले होते. लांब लाल पायांची ती जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि मला वाटत होतं, काय छान फोटो येतायत! शेकाटे उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात, गारवा द्यायला. हे मला नंतर कळलं. त्या तासात त्यांच्यातलं कुणी एकदाही बसलं नाही. दुसऱ्या दिवशी घरट्यात अंडी नव्हती. कावळ्यानं नेली की उन्हानं गेली, कोण जाणे. तो फोटो मी तालुक्याच्या प्रदर्शनात लावला, बक्षीसही घेतलं. आता कितीतरी स्पर्धा घरट्याचे फोटो स्वीकारतच नाहीत. तेव्हा हा नियम मला खुळचट वाटायचा.

चिखलावर टिलवेही आलेत, सैबेरियातून. एकेकाचं वजन तीस ग्रॅम, म्हणजे आपल्या लिंबापेक्षा हलकं. आईबाप आधी निघून येतात आणि यंदाची पिलं मागाहून, वाट कुणी न दाखवता. आपल्याकडं हिवाळ्यात येणारा छोटा टिलवा यांचाच चुलत भाऊ.

तुझी अक्का

वेरिबी
१८ नोव्हेंबर

चि. अण्णा,

मुलगी झाली हे तुला फोनवर कळलंच. बाळ-बाळंतीण खुशाल. त्यामुळं तीन आठवडे तळ्याकडं फिरकले नाही. शेक, मालिश, आणि रात्री दोन-दोन वाजता जागरण. एकदा पहाटे खिडकीबाहेर टिटवी ओरडली. इथली टिटवी पिवळ्या गालांची, पंखाला काटा असलेली. लोकांच्या हिरवळीवर, शाळेच्या मैदानावर, अगदी चौकातल्या गोलावरही अंडी घालते आणि पोस्टमनच्या डोक्यावर झेप घेते. आपल्याकडं तिचं ओरडणं अशुभ म्हणतात. मी बाळाच्या कानावर हात ठेवला नाही, एवढं मात्र कळव आईला.

तुझा आवाजी निरोप ऐकला. ऊस तुटला की एप्रिलात खालच्या रानात निचऱ्याचे सच्छिद्र पाइप टाकतोयस. चांगलं आहे, मनापासून म्हणते. आजोबांनी पाटाचं पाणी वारेमाप पाजलं, काळ्या मातीतून ते खाली निचरलं नाही, मग उन्हानं ओढून मीठ वर आलं. तीस गुंठे चिबड झाले. दत्त कारखान्याच्या योजनेत शिरोळची कितीतरी चिबड रानं पुन्हा पिकाखाली आली, आपलं का येऊ नये? “अक्का, पक्षी सोसायटीचा हप्ता भरणार हाईत काय?” असं तू विचारलंस. नाही भरणार. इथल्या पाण्याचा खर्च शहर उचलतं, म्हणून इथं पक्ष्यांना जागा आहे. तुझ्या तीस गुंठ्यांचा खर्च कोण उचलतं, ते मला ठाऊक आहे. २०१९ च्या पुरात ऊस कुजला तेव्हा तुझ्याकडं बघत होते मी.

तेव्हा ते रान तसंच ठेव असं मी म्हणत नाही. एवढंच बघ. शेकाटे एप्रिलपासूनच अंड्यांवर बसतात. पिलू अंड्यातून निघालं की दुसऱ्या दिवशी पायावर चालत घरटं सोडतं, पण उडायला महिना लागतो. खोदायचं मशीन यायच्या आधी एक फेरी मार. कुठं पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असला तर तिथं एक काठी रोव आणि त्या कोपऱ्यातलं काम शेवटी घ्यायला सांग. ठेकेदार कुरकुरला तर माझं नाव सांग, तो माझाच विद्यार्थी आहे.

आणि आत्ता तिथं पाणी आहे का, कोण उभं आहे, तेवढा एक फोटो मोबाइलवर पाठव. पण बांधावरूनच काढ. आत उतरू नकोस.

तुझी अक्का